रॉ मध्ये शूट करणं म्हणजे चीटिंग? अजिबात नाही

एक मेसेज सध्या फोटोग्राफीच्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय, माझ्याकडेच चार जणांनी पाठवला. त्यात म्हटलंय की खरा फोटो म्हणजे कॅमेऱ्यातून जशी निघाली तशी जेपेग (कॅमेऱ्याने स्वतःच तयार करून दिलेला फोटो), रॉ (कॅमेऱ्यातल्या सेन्सरने टिपलेली कच्ची नोंद) लागतं ते ज्यांना एक्स्पोजर, म्हणजे उजेड किती घ्यायचा ते, जमत नाही त्यांना, रॉ मधून काहीही वाचवता येतं म्हणून ती चीटिंग, रॉयटर्स या बातमीसंस्थेने पण रॉ बंद केलं, आणि वर हार्डडिस्क भरते ती वेगळीच. नवीन पोरं हे वाचून रॉ बंद करून टाकतायत, म्हणून लिहायला बसलो.

आधी ती "एडिट न केलेली जेपेग". अशी जेपेग नसतेच हो. सेन्सरचा एकेक पिक्सेल एकच रंग मोजतो. कोडॅकच्या ब्राइस बायरला १९७६ मध्ये ज्या जाळीचं पेटंट मिळालं तीच आजही बहुतेक कॅमेऱ्यांत बसलेली असते, निम्मे पिक्सेल हिरवे, पाव लाल, पाव निळे. प्रत्येक पिक्सेलचे राहिलेले दोन रंग आजूबाजूच्यांवरून हिशोब करून भरायचे, मग व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाप्रमाणे रंग जुळवणं), कॉन्ट्रास्ट, शार्पनिंग, नॉइज (फोटोतले दाणे) काढणं आणि शेवटी सगळं ८ बिटमध्ये कोंबायचं, एवढं झाल्यावर तुमची जेपेग तयार होते. म्हणजे एडिटिंग झालंच की, फक्त ते कॅमेरा बनवणाऱ्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं आणि तुम्ही उभे होतात तिथला उजेड त्यांनी कधी बघितलेला नाही.

आता "एक्स्पोजर जमत नाही त्यांच्यासाठी". पावसाळ्यात पहाटे दादरच्या फुलबाजारात जाऊन बघा. वर निळी ताडपत्री, खाली पिवळा बल्ब, मधे झेंडूचा ढीग आणि त्यामागे बसलेल्या मावशी. मी तिथे रॉ आणि जेपेग दोन्ही घेतले, एक्स्पोजर बरोबर होतं. जेपेगमध्ये झेंडूचा लाल रंग २५५ ला, म्हणजे शेवटच्या पायरीला जाऊन आपटलेला, पाकळी वेगळी दिसतच नाही, नुसता नारिंगी गोळा. मावशींच्या गालावर ताडपत्रीचा निळा, तो काढायला गेलो की कातडीवर डाग-डाग उठतात, कारण ८ बिट म्हणजे प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या आणि त्याही कॉन्ट्रास्ट चढवून झाल्यावरच्या. त्याच फ्रेमच्या रॉ मध्ये १४ बिट, १६,३८४ पायऱ्या, आणि व्हाइट बॅलन्स अजून लावलेलाच नाही, नुसती नोंद आहे. लाल थोडा खाली घेतला तर पाकळ्यांच्या कडा एकेक करून उघडल्या, काहींवर पाण्याचे थेंबसुद्धा होते. हे मी वरून घातलेलं नाही, सेन्सरने टिपलेलंच होतं, जेपेग बनवताना फेकून दिलं गेलं.

"काहीही वाचवता येतं" हे तर साफ चूक. गिरगाव चौपाटीवर विसर्जनाला भर दुपारी एका ढोलवाल्याचा पांढरा कुर्ता मी ओव्हर केला, म्हणजे उजेड जास्त घेतला, घरी येऊन दोन तास घालवले, त्या खांद्यावर एक सुरकुती परत आली नाही. पिक्सेल भरला की भरला, तिथे माहितीच नाही तर सॉफ्टवेअर आणणार कुठून? उलट रॉ वाल्याला हायलाइट (फोटोतले सगळ्यात उजळ भाग) जास्त जपावे लागतात, आणि कॅमेऱ्याच्या पाठीवर दिसणारा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) साधारणपणे जेपेगवरून काढलेला असतो हेही लक्षात ठेवावं लागतं.

रॉयटर्सचं अर्धंच सांगितलंय. नोव्हेंबर २०१५ मध्ये त्यांनी फ्रीलान्सरना कळवलं की मुळात जेपेग म्हणून काढलेलेच फोटो पाठवा. कारणं दोन, बातमी लवकर पोचावी आणि फोटोत फार ढवळाढवळ होऊ नये. रॉ काढायचं तर काढा, सोबत जेपेगही घ्या, असं त्यांनीच सांगितलं होतं. बातमीच्या घाईत ते बरोबरच आहे, मला काही म्हणायचं नाही. पण दुसरीकडे वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत शेवटच्या फेऱ्यांत कॅमेऱ्यातली मूळ फाइल मागतात, फोटोत काही घातलं-काढलं का ते तपासायला. म्हणजे जिला चीटिंग म्हणताय तीच फाइल पुरावा म्हणून चालते! रॉ कन्व्हर्टरमध्ये (रॉ उघडायच्या सॉफ्टवेअरमध्ये) उजेड-रंग हलवाल, पण मूळ फाइल तशीच राहते, बदल वेगळे लिहिले जातात.

जागेचं म्हणाल तर हो, लागते. २४ मेगापिक्सेलची रॉ साधारण २५-३० एमबी, ६४ जीबीच्या कार्डात दोन हजारच्या आसपास बसतात. घरी आल्यावर निर्दयपणे डिलीट करा. सॉफ्टवेअरला पैसे नसतील तर डार्कटेबल आणि रॉथेरपी दोन्ही फुकट आहेत.

मी कॅमेरा रॉ प्लस जेपेगवर ठेवतो. दादरच्या मावशींना त्यांचा फोटो तिथल्या तिथे हवा होता, जेपेग फोनवर घेऊन पाठवली. पाकळ्या उघडलेला प्रिंट पुढच्या रविवारी नेऊन दिला, तो त्यांनी बल्बच्या वायरला चिमट्याने लावलाय.