घरच्या चाऱ्याचा खर्च शून्य कसा काय?

डोकं फिरतं माझं दूधधंद्याचे हे हिशोब बघितले की. माणूस वही उघडतो, पेंडेची पोती लिहितो, मिनरल मिक्श्चर लिहितो, डॉक्टरची फी लिहितो. चाऱ्याच्या रकान्यात आला की हात थांबतो आणि लिहितो शून्य. का? तर 'चारा घरचा आहे.' अरे, दुधाच्या खर्चात निम्म्याहून जास्त वाटा खाद्याचा असतो, आणि जनावराचं पोट भरतं ते वैरणीवर. तीच फुकट धरली तर खाली काढलेला नफा कुठून आला?

घरचा म्हणजे काय, आभाळातून पडला? त्या रानात दुसरं पीक निघालं असतं. नाहीतर रान खंडाने देता आलं असतं. तो सोडलेला पैसा खर्चच आहे, खिशातून गेला नाही म्हणून तो खोटा ठरत नाही. नांगरट झाली, बियाणं आलं, युरिया पडला, पंप चालला. ट्रॅक्टरचं फक्त डिझेल धरायचं आणि घसारा, टायर, दुरुस्ती, कर्जाचं व्याज सोडून द्यायचं, ही तर सगळ्यांचीच खोड.

आणि मजुरी! यावर मला सगळ्यात जास्त राग येतो. रोज सकाळी दवात भिजलेल्या मक्यात कोण शिरतं? पानाच्या कडेने मनगटं चिरतात, भारा बांधायचा, उचलायचा, आणायचा, कुट्टी करायची, गव्हाणीत टाकायची. हे रोज. सणाला नाही, तापाला नाही, सुट्टीच नाही. हे करणारं माणूस घरातलं, बहुतेक वेळा घरातली बाई, म्हणून त्या कामाची किंमत शून्य. तिच्या जागी एक आठवडा मजूर लावून बघा. जो पैसा त्याला मोजाल तो आकडा वहीत लिहा, आणि मग सांगा मला चारा स्वस्त पडतो म्हणून.

बरं, काही जण खर्च लिहितात. तिथे दुसरा घोळ. एकरी खर्च अगदी पैशापर्यंत मांडलेला असतो आणि उत्पादन किती विचारलं तर 'आठ-दहा ट्रॉल्या'. ट्रॉली किती भरली होती? दाबून की भुसभुशीत? वजनकाट्यावर एक तरी नेली का? भागायचा आकडाच अंदाजाचा असेल तर वरचा आकडा कितीही काटेकोर असून काय करायचं? त्यातून पाऊस लांबला, उत्पादन तिसऱ्या हिश्श्याने घटलं, तर मशागत आणि बियाण्याचा खर्च काही घटत नाही. टनामागचा खर्च थेट दीडपट होतो. तरी लोक वर्षानुवर्षं तोच जुना आकडा सांगत फिरतात.

आता पाणी. हिरव्या चाऱ्याच्या टनाचा भाव सांगताना त्यात पाणी किती ते कुणीच सांगत नाही, आणि इथे माझा संयम संपतो. कोवळ्या नेपियर गवतात शुष्क पदार्थ 15 टक्क्यांच्या आसपास असतो. म्हणजे टनभर चाऱ्यात खरा चारा 150 किलो, बाकी 850 किलो पाणी. मुरघासाला, म्हणजे खड्ड्यात दाबून आंबवून साठवायला, आलेल्या मक्यात शुष्क पदार्थ 33 टक्क्यांच्या घरात, म्हणजे टनाला 330 किलो. नेपियरचा टन मक्याच्या टनाच्या निम्म्या खर्चात पडला तरी कोरड्या किलोला तो महागच! 400 किलोच्या गाईला दिवसाला 12 किलो शुष्क पदार्थ धरला, तर या नेपियरवर तो भागवायला 80 किलो हिरवा चारा लागेल. तेवढा तिच्या पोटात मावतो का, तेही बघा.

हे मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. 100 ग्रॅम कुट्टी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायची, मायक्रोवेव्हमध्ये पाण्याचा पेला ठेवून, जळू न देता थोडी थोडी वाळवायची, पुन्हा तोलायची, वजन उतरायचं थांबेपर्यंत. शेवटी 22 ग्रॅम उरले तर शुष्क पदार्थ 22 टक्के. एवढंही करायचं नाही आणि टनाचा भाव मात्र छातीठोकपणे सांगायचा.

मुरघासाचंही तेच. खड्ड्यात 100 टन शुष्क पदार्थ भरला, 85 टन निघाला, तर खर्च 85 ने भागायचा. टनामागे जवळजवळ 18 टक्के वाढ होते ती. कागद फाटलेला, दाब कमी पडलेला, वरचा काळा पडलेला बुरशीचा थर फावड्याने बाहेर फेकताना सगळे बघतात. वहीत मात्र तो थर गाईने खाल्लेला असतो.

नेपियर आणि लसूणघास यांची लागवड काही वर्षं चालते, म्हणून तो खर्च तितक्या वर्षांत वाटायचा. कुणी सगळा पहिल्याच वर्षी टाकतो आणि घाबरतो, कुणी दुसऱ्या वर्षापासून विसरून जातो.

आणि जमिनीचं काय? दाण्यासाठी मका काढला तर ताटं रानात सोडता येतात. चाऱ्यासाठी अख्खं झाड उचललं जातं, आणि पालाश, म्हणजे पोटॅश, बहुतांशी ताटात आणि पानातच असतं. दरवर्षी तेच रान रिकामं करत राहायचं आणि पालाशचा पैसा कुठेच लिहायचा नाही. शेणखत त्याच रानात परत जात असेल तर त्याची किंमत जरूर वजा करा, तो तुमचा हक्क आहे. पण शेण विकायचं, किंवा दुसऱ्या पिकाला घालायचं, आणि वर चाऱ्याच्या हिशोबातही वजा करायचं, हे चालणार नाही.

मला कुणी टनाचा आकडा सांगायला आलं की माझे तीन प्रश्न ठरलेले आहेत. शुष्क पदार्थ किती टक्के? नासाडी धरली का? घरच्या माणसांची मजुरी लावली का? उत्तर नसेल तर तो आकडा घेऊन माझ्याशी वाद घालू नका.