‘एकदाच’ घेणाऱ्यांस काही नम्र सूचना

सर्वप्रथम आपले अभिनंदन. महाविद्यालयाच्या दुसऱ्याच वर्षी आपणास ‘एमडी’ची, म्हणजे मेफेड्रोन या अमली पावडरीची, पुडी फुकट देणारा मित्र भेटला, हे भाग्य थोडे नव्हे. आजवर कटिंग चहाचे पैसेही ज्याने कधी पुढे केले नाहीत, तो एकाएकी कर्णाचा अवतार कसा झाला, असला क्षुद्र प्रश्न मनात आणू नये.

ही पुडी हातात घेताना आपली नेहमीची चिकित्सक वृत्ती बाजूला ठेवावी. प्रोटीन पावडरच्या डब्यावरची मुंगीएवढी अक्षरे आपण भिंग लावून वाचता. या इवल्याशा प्लॅस्टिकच्या पाकिटावर मात्र एक अक्षरही नसते, तेव्हा वाचण्याचा त्रासच मिटला. मेफेड्रोन झाडाला लागत नाही, रसायने ढवळून ते बनवावे लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यातून शेकडो किलो मेफेड्रोन जप्त केले, यावरून या धंद्यातील उद्यमशीलतेची कल्पना यावी. मधल्या दलालांनी त्यात काय कालवले, ते नाकाला कळेलच.

या मालाचा खरा गुण असा की त्याची धुंदी दोन-तीन तासांत उतरते आणि लगेच दुसरी पुडी हवीशी वाटते. विकणाऱ्याला याहून गुणी माल कोणता मिळणार? मग पहाटे चार वाजता जबडा आवळलेला, दात करकरताहेत, छाती धडधडते आहे आणि दाराबाहेर कोणीतरी उभे आहे अशी खात्री पटलेली, अशा अवस्थेत आपण छताकडे पाहत पडावे. दाराबाहेर आई असते, पाण्याचा तांब्या घेऊन.

पैशांची चिंता नसावी. लॅपटॉप ‘दुरुस्तीला दिलाय’ असे सांगावे. वडील मात्र खरेदीची पावती काढून “कुठल्या दुकानात?” असे विचारतात, एवढीच अडचण.

पालकांनीही सहकार्य करावे. मुलगा वाळला, तर जिमचा गुण आला म्हणावे. पुण्यात १९८६ पासून ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, पण तिथे कोणी ओळखीचे दिसले तर? अल्प प्रमाणाच्या प्रकरणात आपणहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याचे कलम ६४-अ खटल्यापासून संरक्षण देते, हे तर घरात कोणाला कळूच देऊ नये. उगाच आशा लागते. त्यापेक्षा ‘लग्न झाले की सुधारेल’ हा आपला पिढीजात उपचार करावा. तो औषधालाही मागे टाकतो, कारण त्याची किंमत दुसऱ्याच्या मुलीने मोजायची असते. स्थळाच्या माहितीपत्रात ‘सुपारीच्या खांडाचेही व्यसन नाही’ असे ठसठशीत लिहावे. ते अक्षरशः खरेच आहे.