टेस्ट निगेटिव्ह होती म्हणे

आरटीपीसीआर म्हणजे नुसता धंदा होता, साधा फ्लू होता, ९९ टक्के लोक तसेही बरे होतातच की, हे आमच्या दाजींचं म्हणणं. कोरोना गेला पण हे काही गेलं नाही. २०२५ च्या मे महिन्यात मुंबईत पेशंट जरा वाढल्याच्या बातम्या आल्या तर लगेच फोनवर, "बघ, परत मशीन चालू केली त्यांनी." दाजींचा सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे, माणूस हिशोबाला एकदम पक्का, सुताच्या बिलात दहा रुपयांचा फरक लागला तर रात्री झोपणार नाहीत, आणि हाच माणूस मला सांगतो की ती मशीन पपईला पण पॉझिटिव्ह म्हणते.

पपईचं खूळ आलं टांझानियातून. तिथले अध्यक्ष मागुफुली मे २०२० मध्ये भाषणात म्हणाले की आम्ही पपईचं आणि शेळीचं सॅम्पल माणसाच्या नावानं पाठवलं आणि ते पॉझिटिव्ह आलं. सॅम्पल कुणी घेतलं, कसं नेलं, लॅबमध्ये काय झालं, कशाचा पत्ता नाही. पण दाजींना टांझानियाचा अध्यक्ष पटतो, घरची मी पटत नाही.

मला जास्त वैताग कशाचा येतो सांगू का, हे सगळं मी आधी जर्मनमध्ये ऐकून बसलेय. मी श्टुटगार्टला राहते. कोरोनाच्या नियमांविरुद्ध मोर्चे काढणाऱ्या क्वेरडेंकन ७११ वाल्यांच्या नावातला ७११ आमच्याच शहराचा फोन कोड. २०२१ च्या ईस्टरला हजारो लोक बिनमास्कचे वाझेन मैदानाकडे चाललेले आणि मी एफएफपी२ मास्क लावून श्टाटबानमध्ये, म्हणजे ट्राममध्ये, कोपऱ्यात उभी. त्यांच्या बोर्डांवर जे होतं तेच सहा महिन्यांनी मराठीत होऊन जोडभावी पेठेत पोचलं. आपल्याकडं लोकांना वाटतं की आपण पाश्चात्यांचा कट उघडा पाडला, अरे बाबांनो, तुमची शंकापण इम्पोर्टेड आहे.

आता एकेक बघू. पीसीआर शोधणारा शास्त्रज्ञच म्हणाला होता की ही टेस्ट कोरोनाला चालत नाही, हे दाजींचं आवडतं. तो शास्त्रज्ञ कॅरी म्युलिस, १९९३ चं रसायनशास्त्राचं नोबेल. तो ऑगस्ट २०१९ मध्ये वारला. वुहानची बातमी यायच्या आधी. तो कोरोनावर बोलणार कुठनं?

दुसरं, व्हायरस हातात नसताना बर्लिनला टेस्ट बनवली. हो, बनवली. जानेवारी २०२० मध्ये चीननं जनुकांची अक्षरं जाहीर केली आणि शारिटे हॉस्पिटलमधल्या विषाणूतज्ज्ञ ड्रोस्टेनच्या टीमनं त्यावरून टेस्ट केली, कारण टेस्टला ती अक्षरंच शोधायची असतात. तिसरं ते सायकलचं, म्हणजे मशीनच्या फेऱ्यांचं. एका सायकलला एकाचे दोन, पुढच्या सायकलला दोनाचे चार, असं चाळीस वेळा केलं की एक लाख कोटीच्या वर जातं, मग काय, कुणीपण पॉझिटिव्ह! यात थोडं खरं आहे, ते मी मानते. माणूस बरा झाल्यावरही कितीतरी दिवस व्हायरसचे मेलेले तुकडे सापडू शकतात, रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो आणि त्याच्यापासून कुणाला काही होत नसतं. म्हणून तर सीटी व्हॅल्यू, म्हणजे कितव्या सायकलला व्हायरस दिसला ते बघतात, आयसीएमआरनं ३५ ची रेघ ठेवली होती. पण शून्याची दुप्पट चाळीस वेळा केली तरी शून्यच येतं, हे टॉवेलचा हिशोब ठेवणाऱ्या माणसाला मी सांगायचं का?

धंदा झाला का? झाला, इथंपण झाला. ब्युर्गरटेस्टचं, म्हणजे लोकांच्या फुकट टेस्टचं, प्रत्येक टेस्टमागं सुरुवातीला १८ युरोच्या आसपास सरकार देत होतं, तर शिशाबारवाल्यांपासून, म्हणजे हुक्काबारवाल्यांपासून, सगळ्यांनी तंबू टाकले आणि न केलेल्या टेस्टची बिलं लावली. केसेस झाल्या, लोक जेलमध्ये गेले. (आपल्याकडं झालं असतं का, जाऊ दे.) आणि आपला हरिद्वारचा कुंभमेळा आठवा, २०२१, लाखभर टेस्ट नुसत्या कागदावर. पण त्या खोट्या रिपोर्टांत पॉझिटिव्ह कोण करणार, पॉझिटिव्ह केलं तर माणूस शोधावा लागतो! सगळ्यांना निगेटिव्ह करून टाकलं की काम सोपं. म्हणजे खोटेपणानं आकडा वाढला नाही, उलट झाकला गेला. २०२० मध्ये आपल्याकडं अफवा होती की एका पॉझिटिव्ह पेशंटमागं महापालिकेला दीड लाख मिळतात. ते दीड लाख कुणी बघितले ते मला अजून भेटायचेत.

आणि ते ९९ टक्के. सोलापूर शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेनऊ लाख. एक टक्का पण नको, अर्धा धरा. पावणेपाच हजार माणसं होतात, तीपण सगळ्यांना एकदाच लागण झाली असं धरून. विडी वळणाऱ्या बायका, आयुष्यभर तंबाखूची धूळ खाल्लेल्या, त्यांची फुफ्फुसं आणि पंचविशीतल्या जिमवाल्या पोराची फुफ्फुसं एकाच टक्क्यात कशी बसवणार? वयाप्रमाणं हा आकडा इतका बदलतो की सरासरी सांगून काही कळतच नाही. २०२० मध्ये लागण झालेल्या डायमंड प्रिन्सेस जहाजावर ३,७११ माणसं होती, बहुतेक सगळ्यांची टेस्ट झाली, ७१२ पॉझिटिव्ह निघाले, त्यातले कितीतरी काही न होता फिरत होते, आणि तरी डझनभर म्हातारी माणसं गेलीच.

एवढं सगळं मी दाजींना सांगते आणि ते शेवटी एकच बोलतात, "तू तिकडं बसून बोलू नको."

इथं माझं तोंड बंद होतं. कारण एप्रिल २०२१ ला, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या पोटनिवडणुकीच्या सभा चालू होत्या त्याच आठवड्यात, अक्काच्या सासूबाईंना ताप आला. अँटीजेन निगेटिव्ह. दोन दिवसांनी धाप लागली, एचआरसीटी, म्हणजे छातीचा स्कॅन केला, स्कोर पंचवीसपैकी अठरा. दाजी सिलिंडरसाठी स्कूटरवर एमआयडीसी ते होटगी रोड फिरले, रेमडेसिव्हिरसाठी रांगेत उभे राहिले, शेवटी ब्लॅकनं घेतलं. त्याच औषधानं मृत्यू कमी होत नाहीत हे डब्ल्यूएचओनं २०२० लाच सांगितलं होतं, पण ते मी त्या दिवशी फोनवर बोलायला पाहिजे होतं का, कोण बोलेल. खाजगी हॉस्पिटलनं काही लाखांचं बिल केलं. आरटीपीसीआरचा स्वॅब दिला होता त्याचा रिपोर्ट त्या गेल्यावर तिसऱ्या दिवशी आला, तोपण निगेटिव्ह. सर्टिफिकेटवर न्यूमोनिया.

अँटीजेन टेस्ट पुष्कळदा चुकते, लक्षणं असून निगेटिव्ह आली तर आरटीपीसीआर करा असं म्हणूनच सांगितलेलं, आणि उशिरा घेतलेल्या नाकातल्या स्वॅबमध्ये कधीकधी काही मिळत नाही कारण आजार तोवर छातीत उतरलेला असतो. हे मला माहितेय. दाजींना काय माहितेय, तर आई निगेटिव्ह होती आणि मेली, आणि बिल कोरोनाचं लागलं. त्यांच्या जागी उभं राहून बघितलं तर टेस्टला अर्थ नाही हेच दिसणार की. ५० हजारांची मदत निघाली तेव्हा डॉक्टरांनी कोरोना ठरवला असेल तर ते मरणही धरायचं, असा नियम होता. मी पीडीएफ पाठवली. दाजी म्हणाले, "आईचे पैसे घेऊ का मी?" महाराष्ट्रात अधिकृत मृत्यूंपेक्षा अर्ज जास्त आले, त्यात यांचा नाही.

आणि मी इथं काय करते तेपण सांगते. डब्ल्यूएचओनं मे २०२२ मध्ये भारताचा अंदाज दिला, २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत नेहमीपेक्षा ४७ लाख जादा मृत्यू, सरकारचा आकडा २०२१ च्या अखेरपर्यंत ४ लाख ८० हजारांच्या आसपास. सरकारनं तो अंदाज फेटाळला. आमच्या खरेदी विभागातला एकजण काँटीनमध्ये सहज म्हणाला, तुमच्याकडचे आकडे काय, खोटेच ना. मी चमचा ठेवला आणि सुरू झाले. मॉडेल म्हणजे काय, मोजले कुणी, तुमच्या जर्मनीचाच आकडा त्यांना नंतर कमी करावा लागला, आमच्या एवढ्या मोठ्या देशाला तुम्ही असं कसं बोलता. अर्धा तास. दाजींचेच मुद्दे, जर्मन व्याकरण लावून. सासूबाई सरकारच्या आकड्यात नाहीत, त्यांना कुठं जागा असेल तर त्या ४७ लाखांतच, हे मला बोलता बोलता कळत होतं तरी मी थांबले नाही. त्याच्यासमोर कशी थांबणार, तो काय आपल्यातला आहे?

दाजींना हे अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर म्हणतील, आलीस ना लाईनीवर.