नवरंगाला स्पीकर लावून बोलावणाऱ्यांनो

सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. बाबा फेसबुकवर नाहीत, हे बरंच आहे.

आज उजाडताच बाबांना घेऊन सिंहगड व्हॅलीत गेले होते. आतकरवाडीच्या अलीकडे ओढ्याकाठी चौघं उभे होते. हातभर लांब लेन्सा आणि खडकावर ठेवलेला ब्लूटूथ स्पीकर. त्यातून नवरंग पक्ष्याची शीळ. संपली की पुन्हा पहिल्यापासून. वीस मिनिटं तरी चालू होतं.

आणि हे जूनमध्ये! पार दक्षिणेत, श्रीलंकेत हिवाळा काढून तो पक्षी इकडे येतो ते विणीसाठी. ती शीळ ऐकली की त्याला एवढंच कळतं, आपल्या हद्दीत दुसरा नर घुसलाय. मग पालापाचोळ्यातली गांडुळं शोधायची सोडून तो भांडायला धावतो आणि समोर कुणीच नसतं. तोवर घरटं वाऱ्यावर. कशासाठी? एका फोटोसाठी?

मी सातवीत असताना बाबांनी याच ओढ्याकाठी मला नवरंग पहिल्यांदा ऐकवला. ऐकवला, दाखवला नाही. दोन पावसाळे मी फक्त ती दोन सुरांची शीळ ऐकून घरी गेले. रडकुंडीला यायचे. बाबा म्हणायचे, "त्याच्या दारात आलोय आपण. त्याला वाटलं तर येईल बाहेर."

मी त्या चौघांना जाऊन बोलले. एकजण म्हणाला, "मॅडम, सगळेच वाजवतात." अरे, तेच तर! दर शनिवार-रविवारी सगळेच वाजवतात, त्याच ओढ्यावर, त्याच जोडीला. त्या जोडीनं पिल्लं वाढवायची कधी?

संशोधक गणनेसाठी कॉल वाजवतात, मान्य. फोटो बघून पोरं या छंदाकडे वळतात, तेही मान्य. पक्ष्यांचे आवाज ओळखायला मर्लिन ॲप मीही वापरते, पण ते ऐकण्यासाठी. आणि पुण्याजवळ कवडीला चक्रवाक बदकं नदीच्या ज्या घाण, फेसाळ पाण्यात उतरतात, त्यापुढे हा स्पीकर किरकोळ, असं कुणी म्हणेल. म्हणा. नदी माझ्या एकटीच्या हातात नाही, स्पीकरचं बटण तुमच्या बोटाखाली आहे.

तिसऱ्या वर्षी तो दिसला. करवंदीच्या जाळीखाली, ओल्या पाचोळ्यात. हिरवी पाठ, डोळ्यावरून गेलेला काळा पट्टा, बुटक्या शेपटीखाली लालभडक. पाच-सात सेकंद असेल. मी हलू नये म्हणून बाबांनी खांदा इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशीही दुखत होता. फोटो नाही. पण आजही डोळे मिटले की तो पाचोळा उलटताना दिसतो.

आता खरं सांगते, राग नुसता त्या चौघांचा नाही.

बाबांना गेल्या दोन वर्षांत ऐकू येणं फार कमी झालंय. शिंपी, चष्मेवाला, बारीक आवाजाचे सगळे पक्षी त्यांच्या कानांतून गेले. गेल्या पावसाळ्यात नवरंग समोर ओरडत होता आणि ते माझ्या तोंडाकडे बघत होते. आज तो स्पीकर इतका मोठ्यानं लावला होता की बाबा वाटेतच थांबले. माझा खांदा धरला, तसाच घट्ट. म्हणाले, "नवरंग! ऐकलास?"

मी हो म्हटलं.

घरी आल्यावर त्यांनी वही काढली. तारीख, वेळ, सिंहगड व्हॅली, नवरंग एक, ऐकला. मी शेजारीच चहा घेऊन उभी होते.