पाचशेच्या स्टॅम्पपेपरला संरक्षण आदेश म्हणत नाहीत

‘नवऱ्यावर डीव्ही केस करण्याआधी प्रत्येक बाईने हे वाचा’ (डीव्ही म्हणजे कौटुंबिक हिंसाचार) अशा मथळ्याचा एक मेसेज ठाणे आणि नवी मुंबईतल्या सोसायटीच्या, भिशीच्या, पालकांच्या ग्रुपांवर जोरात फिरतोय. खाली सही ‘एक अनुभवी वकील’. नाव नाही, काही नाही. असले मेसेज रोज येतात नि जातात, पण हा कळव्यातल्या जवळच्या नात्यातल्या एका बाईपर्यंत पोचला. तिची कागदपत्रं तयार होती. मेसेज वाचून तिने अर्ज करायचं थांबवलं. म्हणून हे सविस्तर लिहिणं भाग आहे.

मेसेजमध्ये सहा दावे आहेत. पहिला, पोलिसांत एफआयआर आणि संरक्षण अधिकाऱ्याचा (या कायद्याखाली नेमलेला अधिकारी) रिपोर्ट असल्याशिवाय कोर्ट अर्जच घेत नाही. दुसरा, घर सासूच्या नावावर असेल किंवा बाई एकदा घराबाहेर पडली, तर तिचा राहण्याचा हक्क संपला. तिसरा, अर्ज केला की नवरा थेट आत जातो, नोकरी जाते, मग पोटगी कोण देणार? चौथा, केस लग्न लागलं त्याच गावात करावी लागते. पाचवा, वकिलाला लाखभर रुपये द्या आणि पाच वर्षं थांबा. आणि सहावा: या सगळ्यापेक्षा नवऱ्याकडून पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर ‘यापुढे हात उचलणार नाही’ असं लिहून घ्या, नोटरी करा, ‘हाच संरक्षण आदेश’.

सहावा दावा आधी घेऊ, कारण याच्यामुळे बाईचा जीव जाऊ शकतो.

संरक्षण आदेश, म्हणजे बाईला त्रास देण्यापासून नवऱ्याला रोखणारा हुकूम, फक्त कोर्ट देतं, सहसा न्यायदंडाधिकारी. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ चा आहे, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ पासून, आणि हा आदेश त्याच्या कलम १८ खाली निघतो. कोर्टनाक्यावरचा नोटरी एवढंच सांगतो की सही करणारा माणूस तोच आहे आणि सही त्याने समोर केली. आत काय लिहिलंय ते पाळलं जाईल याची जबाबदारी त्याच्यावर नसते, आणि तसा अधिकारही त्याला नसतो.

फरक कळतो रात्री अकरा वाजता. नवरा परत अंगावर आला आणि बाई तो स्टॅम्पपेपर घेऊन पोलीस ठाण्यात गेली, तर ठाणे अंमलदार म्हणणार की हा तुमच्या दोघांतला करार आहे. करार मोडणं हा गुन्हा नाही. साध्या मारहाणीची एनसी (अदखलपात्र नोंद) लिहून तिला घरी पाठवतील, त्याच घरी. हातात कलम १८ चा आदेश असेल तर तो मोडणं हाच स्वतंत्र गुन्हा होतो. कलम ३१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कलम ३२ प्रमाणे तो दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, म्हणजे पोलिसांना वॉरंटची वाट बघावी लागत नाही. शिवाय आदेश मोडल्याचा निष्कर्ष कोर्ट एकट्या पीडित बाईच्या साक्षीवरही काढू शकतं. बंद दाराआडच्या मारहाणीला साक्षीदार कुठून आणायचा, या प्रश्नाला कायद्याने दिलेलं हे उत्तर आहे. पाचशेच्या कागदात यातलं काहीही नाही.

त्या कागदात आणखी एक गोम असते. असे करारनामे बहुतेक वेळा नवऱ्याकडची माणसं टाइप करून आणतात, आणि ‘हात उचलणार नाही’च्या खाली दोन ओळी बाईच्या तोंडी घातलेल्या असतात: ‘माझी पतीविरुद्ध व सासरच्यांविरुद्ध कोणतीही तक्रार नाही, यापूर्वीच्या तक्रारी मी राजीखुशीने मागे घेत आहे.’ वर्षभराने कोर्टात पहिल्या तारखेला समोरचा वकील हाच कागद दाखवतो आणि विचारतो, तक्रारच नव्हती तर आज कुठून आली?

एक गोष्ट मान्य करावी लागेल, इच्छा नसली तरी. असा कागद आधीच झाला असेल तर तो फाडू नका. ‘पुन्हा मारणार नाही’ यात ‘आधी मारलं’ हे त्याच्याच सहीने आलेलं असतं. पुरावा म्हणून तो अर्जाला जोडता येतो, पण त्याने तुमचं संरक्षण होत नाही.

आणि खरंच समेट करायचा असेल? तर तो कोर्टासमोर करा. कलम १४ खाली कोर्ट समुपदेशनाला पाठवू शकतं, समुपदेशक नवऱ्याकडून हमी घेतो, तडजोड झाली तर ती कोर्टापुढे येते. ती नोंदवून कलम १८ चा आदेश काढण्याची विनंती करा. घरात शब्द तेच राहतील, पण मागे कलम ३१ उभं राहील.

आदेशात काय मागायचं हेही नीट बघा. ‘अर्जदारास संरक्षण मिळावे’ एवढं मोघम लिहिलं की आदेशही मोघम येतो, आणि मोघम आदेशाचा भंग सिद्ध करताना दमछाक होते. कलम १८ खाली वेगवेगळं मागता येतं: मारहाण व शिवीगाळ करायची नाही, तिच्या नोकरीच्या ठिकाणी यायचं नाही, मुलांच्या शाळेत जायचं नाही, फोन, मेसेज, ईमेल, कोणत्याही मार्गाने संपर्क करायचा नाही, संयुक्त खातं आणि लॉकर वापरायचा नाही, तिचं स्त्रीधन विकायचं नाही, तिला आसरा देणाऱ्या आईवडिलांना, भावाला त्रास द्यायचा नाही. ऑफिसचा पत्ता, शाळेचं नाव, बँकेची शाखा, सगळं लिहा. आदेशाची प्रत मोफत मिळते आणि ती हद्दीतल्या पोलीस ठाण्यालाही जायची असते (कलम २४). त्यावर विसंबू नका. स्वतः एक प्रत ठाण्यात देऊन पोच घ्या आणि एक फोनमध्ये ठेवा.

आता पहिला आणि दुसरा दावा. दोन्हींचा बराचसा भाग एकाच निकालाने निकालात निघतो, आणि तो निकाल या ‘अनुभवी वकिलांनी’ वाचलेला दिसत नाही. प्रभा त्यागी विरुद्ध कमलेश देवी, सर्वोच्च न्यायालय, १२ मे २०२२. न्या. एम. आर. शाह आणि न्या. बी. व्ही. नागरत्ना यांच्यासमोर तीन प्रश्न होते. संरक्षण अधिकाऱ्याचा घटना अहवाल नसेल तर आदेश देता येतो का? येतो. संरक्षण अधिकारी किंवा सेवा देणाऱ्या संस्थेमार्फत अहवाल आलेला असेल तर दंडाधिकाऱ्यांनी तो विचारात घ्यायचा, पण बाई स्वतः किंवा वकिलामार्फत आली असेल तर त्याच्यासाठी अडवायचं नाही. बाई हिंसाचाराच्या वेळी त्या घरात प्रत्यक्ष राहत असायला हवी का? नको. अर्ज करताना नातं चालू असायला हवं का? नको, कधीतरी एकत्र राहिलेली किंवा राहण्याचा हक्क असलेली असली तरी पुरे. ती अर्जदार विधवा होती, सासरच्या घरात राहत नव्हती, आणि तरी सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला.

एफआयआरची तर कुठेच अट नाही. कलम १२ चा अर्ज नमुना २ मध्ये (नियमांतला ठरलेला फॉर्म) थेट दंडाधिकाऱ्यांकडे जातो. पोलीस तक्रार हा वेगळा रस्ता आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ चा (पूर्वीचं ४९८अ), आणि दोन्ही रस्ते एकाच वेळी धरता येतात. अहवाल ‘लागतोच’ हे खोटं असलं तरी तो असला तर फायदा होतो, हेही खरं. संरक्षण अधिकारी तो विनामूल्य भरून देतात आणि तारीखवार घटना नोंदल्या जातात. फक्त त्यांची भेट मिळेना म्हणून महिनाभर थांबू नका.

घर सासूच्या नावावर असण्याबद्दल मेसेजवाला २००६ च्या शेवटाला अडकलाय. तेव्हाच्या एस. आर. बत्रा निकालात तसं म्हटलं होतं. १५ ऑक्टोबर २०२० ला सतीश चंदर अहुजा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी ते चुकीचं ठरवलं: सासू-सासऱ्यांच्या मालकीचं घरही ‘सामायिक घर’ असू शकतं. यात अर्धं खरं एवढंच की हा राहण्याचा हक्क आहे, मालकीचा नाही, आणि सासूसासरे म्हातारे असतील तर कोर्ट त्यांच्याही सोयीचं बघतं. म्हणून कलम १९ खाली मागणी करताना पर्याय ठेवा: त्याच घरात राहू द्यावं, नाहीतर त्याच दर्जाचं दुसरं घर किंवा भाडं द्यावं. एकाच मागणीवर अडून बसलात आणि ती फेटाळली गेली तर हात रिकामे.

घर सोडावं लागलंच तर ‘ती स्वतःहून निघून गेली’ हा बचाव येणार हे गृहीत धरा. निघालात त्या तारखेचा कागद मागे राहू द्या: एनसी, ११२ चा कॉल, भावाला पाठवलेला मेसेज. दवाखान्यात ‘जिन्यावरून पडले’ सांगू नका; केसपेपरवर डॉक्टर जे लिहितो तेच पुढे वाचलं जातं. अहवाल नाही म्हणून दवाखाना उपचार नाकारू शकत नाही, हेही नियमांत आहे. व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट देणार असाल तर सोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल, ते वकिलाकडून तयार करून घ्या. आणि कागद गोळा करायच्या आधी व्हॉट्सअ‍ॅपमधली ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ची यादी उघडून बघा. तिथे नवऱ्याचा लॅपटॉप जोडलेला असेल तर तुमचा प्रत्येक मेसेज तो तुमच्या आधी वाचतोय.

तिसरा दावा निव्वळ भीती घालणारा आहे. कलम १२ च्या अर्जावर अटक होत नाही. नवऱ्याला नोटीस जाते, तो वकील लावतो, उत्तर देतो. तुरुंगाचा प्रश्न येतो तो आदेश मोडल्यावर. आणि पोटगी बुडत नाही, उलट याच अर्जात कलम २० खाली खर्च मागता येतो.

चौथ्याला दोन वाक्यं पुरतात. कलम २७ प्रमाणे तुम्ही राहता, तात्पुरत्या राहता किंवा नोकरी करता, नवरा राहतो, किंवा घटना घडली, यांपैकी कुठेही अर्ज चालतो. म्हणजे लग्न साताऱ्यात, सासर घणसोलीत आणि आता आसरा कळव्यात आईकडे, तर ठाण्यात चालेल. नवी मुंबईकरांनी मात्र एक लक्षात ठेवा: पोलीस आयुक्तालय एकच असलं तरी ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतं, आणि खारघर, कामोठे, कळंबोली रायगडच्या पनवेल तालुक्यात, त्यामुळे कोर्ट आणि संरक्षण अधिकारी दोन्ही बदलतात.

पाचव्यातलं पैशाचं म्हणणं खोटं आहे. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज द्यायचा, किंवा १५१०० ला फोन करायचा. वेळेचं म्हणणं मात्र पूर्ण खोडता येत नाही. कायदा म्हणतो पहिली तारीख साधारण तीन दिवसांत, आणि निकाल पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत देण्याचा प्रयत्न. प्रत्यक्षात तसं क्वचितच होतं.

पण अंतिम निकालासाठी थांबायचं कोणी सांगितलंय? कलम २३ याचसाठी आहे. नमुना ३ मधल्या शपथपत्रावर कोर्ट अंतरिम आदेश देतं, आणि धोका दिसला तर नवऱ्याला न ऐकताही. हा अर्ज मुख्य अर्जासोबत त्याच दिवशी वेगळा दाखल करा. शपथपत्रात ‘नेहमी मारतो’ लिहू नका. शेवटच्या तीन-चार घटना तारीख, जागा, कशाने मारलं, कोणी ओरडा ऐकला, अशा लिहा. पोटगीसाठी मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्रही तेव्हाच जोडा. रजनेश विरुद्ध नेहा (२०२०) नंतर ते दोन्ही बाजूंना बंधनकारक आहे आणि ते नाही म्हणून कित्येक तारखा फुकट जातात. नणंदेच्या नवऱ्यापासून चुलत दिरापर्यंत सगळ्यांना पक्षकार करू नका, प्रत्येकाला नोटीस बजावावी लागते आणि एकाची परत आली की सगळं अडतं. नवऱ्याच्या घरासोबत ऑफिसचाही पत्ता द्या, म्हणजे ‘घर बंद’ असा शेरा मारून नोटीस परत येणार नाही.