पडका मनोरा आणि चुन्याची घाणी

महाराष्ट्रातले ११ आणि तमिळनाडूतला जिंजी असे १२ किल्ले २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेले, तरी आपला जुना वाद काही मिटलेला नाही: गडांवरचे वाडे पुन्हा उभारायचे, की जोतीच राखायची? 'परदेशात बघा, पडकं पडकंच ठेवतात' असा दाखला मग हमखास येतो. तो अर्धाच खरा आहे.

इंग्लंडच्या सॉमरसेटमधली ग्लॅस्टनबरी टॉर ही १५८ मीटर उंचीची टेकडी घ्या. माथ्यावर सेंट मायकेल चर्चचा फक्त मनोरा उरलाय, तोही बिनछपराचा. आत उभं राहून वर पाहिलं की थेट आभाळ. पश्चिमेच्या अंगाला गाईची धार काढणारी सेंट ब्रिजिड कोरलेली आहे. पहिलं चर्च ११ सप्टेंबर १२७५ च्या भूकंपात कोसळलं. चौदाव्या शतकात दुसरं बांधलं, ते राजा आठव्या हेन्रीने ख्रिस्ती मठ मोडले तेव्हा गेलं. १५३९ मध्ये ग्लॅस्टनबरी मठाचे शेवटचे मठाधिपती रिचर्ड व्हायटिंग यांना याच टेकडीवर फासावर चढवलं आणि पुढे चर्चचा दगडही गेला. वाड्याचे चिरे गावातल्या घरांत सापडतात, हे आपल्याला काही नवं नाही.

पण १८०४ मध्ये पुरातत्त्वाचे अभ्यासक रिचर्ड कोल्ट होअर यांनी मनोऱ्याचा ईशान्य कोपरा नव्याने बांधून घेतला. चर्चचं दालन मात्र कुणी उभारलं नाही. मला हा फरक पटतो. कोपऱ्यावर उरलेल्या मनोऱ्याचा भार असतो; दालनावाचून कुणाचं काही अडत नव्हतं. आपल्या बुरुजांनाही हाच प्रश्न आधी विचारावा.

मग येतो मसाला, म्हणजे दगड सांधणारं मिश्रण, आणि घात तिथेच होतो. सांध्यातला मसाला दगडापेक्षा नरम हवा. दर्जा, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांच्या फटी, सिमेंटने भरल्या की वरून मुरलेलं पाणी भिंतीच्या पोटात अडकतं. इंग्लंडच्या थंडीत ते गोठून दगडाचे पापुद्रे निघतात. सह्याद्रीत बर्फ नाही, पण चार महिने पाऊस आहे: आतला चुना धुपतो, भिंत फुगते, जांभ्याला लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, लागतो. म्हणून एक भाग चुन्याला अडीच ते तीन भाग चाळलेली, माती नसलेली वाळू. दर्ज तिच्या रुंदीच्या दुप्पट खोल खरवडायची, पाणी मारायचं, मग भरायची. वर ओलं गोणपाट, निदान आठवडाभर. घाईने वाळलेला चुना हाताने चोळला तरी भुकटी होते. अनेक गडांवर चुना मळायची जुनी घाणी अजून पडून आहे. तिच्यासमोरच सिमेंटची पोती रचलेली बघवत नाहीत.

इंग्लंडकडून सगळंच उचलू नये. तिकडे पडक्या भिंतीच्या माथ्यावर गवताची ढेपळं बसवतात. आपल्याकडे त्याच मातीत पिंपळ रुजेल. आणि मे महिन्यात दर्जा भरून जूनच्या पावसाच्या हवाली करण्यापेक्षा काम दिवाळीनंतर लगेच काढावं. तेव्हा गोणपाट भिजवायला गडावरच्या टाक्यांत पाणी असतं.