कालवांना कालवंच म्हणा

हॉटेलच्या मेन्यूवर 'शिंपले मसाला', रेसिपीच्या व्हिडिओत 'शिंपल्यांचं कालवण', घरपोच मासळीच्या पाकिटावर 'शिंपले, साफ केलेले'. आत तिसऱ्या आहेत, खुबे आहेत, शिनाणे आहेत की कालवं (इंग्रजीतली ऑयस्टर), शिंपेतल्या या चार वेगळ्या जिवांपैकी कोणता, हे पाकीट फोडल्याशिवाय कळायचं नाही. हल्ली सगळ्यांना सरसकट शिंपले म्हणायची सवय लागली आहे आणि ती मला मनापासून खटकते. कारण या प्रत्येक नावात तो जीव कुठे राहतो, कसा काढायचा, कसा धुवायचा आणि किती वेळ शिजवायचा, हे सगळं बांधलेलं आहे. नाव सुटलं की हे ज्ञानही सुटतं.

शिंपला हा मुळात कवचाचा शब्द. किनाऱ्यावर मुलं वेचतात तो शिंपला, भट्टीत भाजून ज्याचा चुना करायचे तो शिंपला. वेदान्तातल्या दाखल्यात जिच्यावर चांदीचा भास होतो ती शुक्ती म्हणजे अशीच आतून चकाकणारी शिंप. आत राहणाऱ्या जिवाला मात्र कोकणात आणि गोव्यात वेगवेगळी नावं आहेत, आणि ती गावागणिक बदलतात. सिंधुदुर्गात ज्याला तिसऱ्या म्हणतात त्या प्रकारच्या शिंपांना रत्नागिरीकडे मुळे म्हणतात, रायगड-मुंबईच्या कोळीवाड्यांत शिवल्या. हे वैविध्य गोंधळाचं नाही. प्रत्येक ठिकाणी विकणारी आणि घेणारी दोघींनाही नेमकं माहीत असतं काय बोलणं चाललंय.

यातला सगळ्यात जास्त हाल झालेला शब्द म्हणजे कालव. नपुंसकलिंगी. ते कालव, ती कालवं, जसं ते घर, ती घरं. लेखी भाषेत अनेकवचन 'कालवे' होतं आणि तिथेच घोटाळा सुरू होतो, कारण शेताला पाणी देणाऱ्या कालव्याचं अनेकवचनही 'कालवे'च. पण प्रत्यय लागला की दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. पाण्याचा कालवा: कालव्याचा, कालव्यांना. खाण्याचं कालव: कालवाचं, कालवांना. तेव्हा 'कालव्यांचं सुकं' असं लिहिलं की पाटबंधारे खात्याचं सुकं होतं. बरोबर रूप 'कालवांचं सुकं'. बोलताना 'कालवं' म्हणा, लिहितानाही खुशाल अनुस्वार देऊन 'कालवं' लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला थबकावं लागणार नाही. कालवण हा तिसराच शब्द, भातावर घ्यायचं पातळ ते कालवण. त्यामुळे 'कालवांचं कालवण' यात चूक काही नाही, ते तिसऱ्यांचंही होतं आणि बांगड्याचंही.

तिसऱ्यांची अडचण वेगळी. एकवचन तिसरी, आणि ती क्रमांकाची तिसरीही असू शकते. पण स्वयंपाकघरात हा घोटाळा कधी होत नाही, 'अर्धा किलो तिसऱ्या' म्हटल्यावर कोणी पहिल्या-दुसऱ्या शोधायला जात नाही.

दुसरी चूक भाषांतरातून आली. इंग्रजीत ऑयस्टर म्हटलं की खायचं कालवही आलं आणि मोत्याची शिंपही. मराठीत आपण हे दोन नीट वेगळे ठेवले आहेत. मोत्याची शिंप वेगळ्या कुळातली, तिला आतून मोतिया चकाकी असते. कोकणच्या खडकावरच्या कालवाच्या शिंपेला आतून तसा मोतिया थर नसतो, त्यामुळे त्यात दागिन्याचा मोती तयार होत नाही. म्हणून 'कालवातून मोती निघतो' असं मुलांच्या पुस्तकात किंवा बातमीत छापून आलं की ते सरळ दुरुस्त करायला हवं. तिथे 'मोत्याची शिंप' हाच शब्द.

आता कालवाला तिसरीपासून वेगळं काय करतं ते जवळून पाहा. तिसरी वाळूत किंवा चिखलात पुरून राहते. तिला मांसल पाय असतो, त्याने ती खणते, आणि दोन नळ्या वर काढून पाणी आत-बाहेर करते. शिनाणं धाग्यांच्या जुडीने खडकाला बांधलेलं असतं. कालव लहानपणीच एकदा खडकाला, बंधाऱ्याच्या दगडाला किंवा कांदळवनाच्या मुळाला चिकटलं की जन्मभर तिथेच. त्याची डावी शिंप वाटीसारखी खोलगट, तीच दगडाला सिमेंट लावल्यासारखी बसलेली असते. उजवी चपटी, ती झाकण. मोठ्या कालवाला पाय नसतो, झाकण ओढून धरणारा स्नायूही एकच. तिसरीला असे दोन स्नायू असतात.

या एका फरकावर काढायची सगळी पद्धत ठरते. तिसऱ्या हाताने किंवा पायाने चाचपून गाळातून काढतात. कालवं फोडावी लागतात, आणि त्यासाठी ओहोटी चांगली खोल लागते. पाणी सगळ्यात खाली जातं ते अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात, अष्टमीच्या आसपासच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते त्या दिवसांत, ते तेवढं उतरत नाही. वेळेचा ढोबळ हिशेब सोपा आहे: तिथीला 3 ने गुणा, 4 ने भागा, भरतीची वेळ येते. त्यात 6 तास मिळवले की ओहोटी. द्वितीयेला 6 भागिले 4, म्हणजे दीडच्या सुमारास भरती आणि साडेसातच्या सुमारास ओहोटी. गावागणिक तासभर इकडेतिकडे धरायचं. टोकदार लोखंडी हत्याराने झाकणाच्या कडेला ठोका द्यायचा, झाकण उचकटायचं, स्नायू कापून गर भांड्यात घ्यायचा. वाटी दगडालाच राहू द्यायची. दिसायला ती नुसती पांढरी खूण, पण कालवाची पिल्लं जुन्या कालवाच्या शिंपेवर सगळ्यात चांगली बसतात. वाटीसकट दगड खरवडून काढणं म्हणजे पुढच्या पिढीची जागा उखडणं. खाडीत कालवं वाढवणारेही दोरीला जुन्याच शिंपा ओवून सोडतात.

म्हणूनच बाजारात तिसऱ्या शिंपेसकट येतात आणि कालवं बहुधा सोललेली, पाण्यासकट. आणि म्हणूनच 'शिंपले आधी दोन तास मिठाच्या पाण्यात ठेवा, वाळू सोडतील' ही सूचना कालवांना लागू होत नाही. ती जिवंत तिसऱ्यांसाठी आहे. तिथेही लिटरभर पाण्याला 30 ते 35 ग्रॅम मीठ हवं, कारण गोड्या पाण्यात तिसरी तोंड घट्ट मिटते आणि वाळू आतच राहते. बोटाने टिचकी मारल्यावर न मिटणारी तिसरी टाकायची. मिटलेली पण हाताला जड लागणारी शंका घेऊन पाहायची. मेलेल्या शिंपेत चिखल भरलेला असतो आणि अशी एक जरी भांड्यात उघडली तरी सगळं कालवण गेलं. एकशिपी, म्हणजे गर एकाच शिंपेत ठेवून करायचा प्रकार, करायची तर विळीवर शिंप उघडून गर एका बाजूला ठेवायचा, दुसरी बाजू टाकायची. वाफेवर उघडायच्या असतील तर पाणी न घालता झाकण ठेवून 4-5 मिनिटं पुरतात. सुटलेलं पाणी गाळून वापरायचं आणि जी उघडली नाही ती फेकायची.

सोललेल्या कालवांत वाळू नसते, शिंपेच्या कपच्या असतात. त्या दाताखाली आल्या तर दात दुखावतो. एकेक कालव बोटांनी चाचपून, त्याच्याच पाण्यात हलकेच खळबळवायचं आणि ते पाणी गाळून ठेवायचं. नळाखाली धरून धुतली की चव नळात जाते आणि गर फुगून लिबलिबीत होतो. चार माणसांना 2 वाट्या कालवं पुरतात: 3 चमचे तेल, 2 कांदे, 2 चमचे मालवणी मसाला, अर्धी वाटी भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण, 4-5 आमसुलं. रस्सा पूर्ण उकळला की मगच कालवं आणि गाळलेलं पाणी घालायचं. पुन्हा उकळी आल्यावर 5 मिनिटं, गराची कड आखडली की आच बंद. मीठ शेवटी चाखून, पाणी मुळातच खारट असतं. जास्त शिजवली तर रबर होतं. कमी शिजवणं त्याहून वाईट, कारण हे जीव खाडीचं पाणी गाळून जगतात आणि पाण्यातले जंतू त्यांच्यात साठतात. आपल्या खाड्यांत सांडपाणी कुठून येतं ते बघता कच्ची कालवं खायची परदेशी हौस इथे करू नये.

रेसिपी लिहिणाऱ्यांना, मेन्यू छापणाऱ्यांना आणि पाकिटं भरणाऱ्यांना एवढीच विनंती आहे. 'शिंपले' खोडून तिसऱ्या, खुबे, शिनाणे किंवा कालवं, जे असेल ते लिहा. तुमच्या गावात मुळे म्हणत असतील तर मुळे लिहा. आणि तुमच्याकडे याहून वेगळं नाव चालत असेल तर खाली गावाच्या नावासकट टाका, शिंप गोल की लांबट आणि वाळूतली की खडकावरची तेही सांगा.